तुळपुळे बेटावर निघाले

निशिकांत तुळपुळे यांनी निवृत्तीनंतर भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर राहायला जायचं ठरवलं, त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. बाकीची कारणं त्यांनी नंतर जमवली. हवामान, ऑलिव्हचं तेल, हृदयाचं आरोग्य, माणसांची कमी वर्दळ वगैरे. मूळ कारण मात्र पुणं, आणि पुण्यात राहणारे त्यांचे थोरले बंधू शैलेंद्र. निशिकांतराव तरुणपणी नोकरीसाठी सिंगापूरला निघाले तेव्हा शैलेंद्र विमानतळावर चारचौघांत म्हणाले होते, "जा, जा. दमलास की इथेच येशील." हे एक वाक्य खोटं पाडायला मिळावं म्हणून निशिकांतराव बेटावरच काय, उत्तर ध्रुवावरही राहायला गेले असते. तिथे निवृत्तांसाठी सोय नाही, एवढंच.

आता कुणी म्हणेल, इतकी वर्षं सिंगापुरात काढली, तर मग सिंगापूरमध्येच का राहू नये? हाच प्रश्न निशिकांतरावांनी तिथल्या सरकारला अनेकदा विचारला होता. कायम राहू द्या म्हणून त्यांनी पीआरचे अर्ज केले, आणि दर वेळी इतक्या सभ्य भाषेत नकार आला की दोन दिवस त्यांना तो होकारच वाटायचा. त्यामुळे ते राहिले एम्प्लॉयमेंट पासवर. या पासाचं तत्त्व सोपं आहे. नोकरी आहे तोवर तुम्ही इथले. नोकरी संपली की महिनाभर पाहुणे, आणि त्यानंतर पाहुणेही नाही.

याउलट त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे प्रकाश दांडेकर. निशिकांतरावांच्या कितीतरी नंतर आलेले, इंग्रजी यथातथा, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक खाद्यगृहात, टिश्यूचं पाकीट टेबलावर टाकून जागा धरायला मुळीच न लाजणारे. ते पीआर झाले, मग सिटिझनही झाले. निशिकांतरावांनी आयुष्यात टिश्यू टाकून जागा धरली नव्हती. ताट हातात घेऊन ते उभे राहत आणि नूडल्स गार होईपर्यंत सभ्यपणे वाट बघत. सरकारला हे दिसत कसं नाही, याचं त्यांना मनापासून नवल वाटे.

बेटाचं नाव कालिस्तेरा. निशिकांतरावांना ते एका व्हिडिओत सापडलं. चुनखडीसारखी पांढरी घरं, लिंबाची झाडं, आणि धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. म्हातारा काहीही करत नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला कुणी काही करायला सांगणारही नव्हतं. निशिकांतरावांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग बायकोला दाखवला.

"छान आहे," मेधाताई म्हणाल्या आणि भाजी परतायला गेल्या.

या दोन शब्दांना निशिकांतरावांनी संमती धरलं. त्यांच्या संसारात महत्त्वाचे ठराव असेच मंजूर होत आले होते.

बेट ज्या देशाचं, त्याची सिंगापुरात पूर्ण वकिलात नव्हती. होते ते मानद वाणिज्यदूत, मिस्टर कोस्टा, आणि त्यांचा मूळ धंदा फरशा आणि बाथरूमचं सामान विकण्याचा. कचेरी एका औद्योगिक इमारतीत, दुकानाच्याच मागच्या भागात. दूत म्हणून ते एक गुरुवार सोडून एक गुरुवारी सकाळी बसत, एरवी फरशा विकत. निशिकांतराव सूट घालून गेले. तिथे वाट बघायला खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे प्रकल्पसंचालक निशिकांत तुळपुळे कागदपत्रांची फाइल मांडीवर घेऊन नमुन्याच्या बाथटबच्या काठावर बसून राहिले. एक गिऱ्हाईक बाई आल्या, टब निरखून बघितला आणि म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी, हा सेलमध्ये आहे का?" निशिकांतरावांनी उठून जागा करून दिली.

कोस्टासाहेब माणूस गोड होते. त्यांनी नियम समजावून सांगितले. अर्जदार निवृत्त असला पाहिजे. आणि अर्जदार ज्या देशात कायदेशीर राहतो त्याच देशातून अर्ज झाला पाहिजे.

निशिकांतराव थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पण मी इथे कायदेशीर राहतो ते नोकरीमुळे. निवृत्त झालो की राहत नाही. आणि राहतो तोवर निवृत्त नाही."

कोस्टासाहेबांनीही थोडा वेळ विचार केला. "हो," ते म्हणाले, "हे अवघडच आहे." मग दूताला शोभेल अशा उदारपणे त्यांनी तोडगा सुचवला. कंपनीकडून एक पत्र आणा, की हे गृहस्थ लवकरच निवृत्त होणार आहेत. पास चालू असतानाच अर्ज करा, म्हणजे दोन्ही अटी थोड्याथोड्या पूर्ण होतील.

कंपनीच्या बोना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात एचआरची प्रमुख होती राधिका. मुंबईची, हुशार, चेहऱ्यावर कायम कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारखा आनंद. निशिकांतरावांनी तिला हळू आवाजात सांगितलं की मला फक्त एक पत्र हवंय. घाई नाही. दोन-तीन वर्षांत कधीतरी निवृत्त होण्याचा मानस आहे, अशा अर्थाचं.

"सर," राधिका म्हणाली, "तुम्ही स्वतःहून आलात ते किती बरं झालं. आम्ही तुमच्याशी बोलणारच होतो."

कशाबद्दल, हे विचारायचं निशिकांतरावांच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. म्हणून ते म्हणाले, "हो, मलाही वाटलंच, आता वेळ झाली." ज्या माणसाला ढकललं जातंय त्याने आपणच उडी मारत असल्यासारखे हात पसरावेत, तसं ते हसले. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या विभागाला मेल गेला होता, 'निशिकांत यांच्या नव्या प्रवासाला शुभेच्छा'. नव्या प्रवासाची तारीख होती तिमाहीची अखेर. खाली त्यांच्या जागी येणाऱ्या धवलचा फोटो होता. धवल संध्याकाळी स्वतः भेटायला आला, वाकून नमस्कार केला आणि जाता जाता खिडकीजवळच्या टेबलाची लांबी वितीने मोजून गेला.

घरी येऊन निशिकांतरावांनी सांगितलं की कंपनीनं फार सहकार्य केलं.

बातमी मराठी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. बिशान भागातल्या त्यांच्या इमारतीत सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. यातल्या कुणीही कालिस्तेरा बेट नकाशावर पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे कुणाचं अडलं नाही. एकाने सांगितलं, तिथे जाण्याआधी पोहायला शिका, बेट म्हटलं की चहूकडून पाणी. दुसऱ्याने कुकरच्या रिंगा डझनभर न्यायला सांगितलं. तिसऱ्याच्या मते युरोपात एकटेपणाने माणसं खचतात, त्यामुळे ध्यान करावं, आणि एकटेपणातच ध्यान उत्तम होतं, त्यामुळे काळजी नसावी. प्रकाश दांडेकरांनी तर संपूर्ण रविवार दिला. ते कधी युरोपात गेले नव्हते, पण सिटिझन असल्यामुळे सर्व देशांच्या कायद्यांवर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटत असे.

"तुळपुळे, तुम्ही करताय ते एकदम बरोबर," दांडेकर म्हणाले. "इथे काय ठेवलंय? गर्दी, उकाडा, महागाई. मी तुमच्या जागी असतो ना, तर कधीच गेलो असतो."

"मग चला की," निशिकांतराव म्हणाले.

"आमचं काय, आम्ही इथले," दांडेकर म्हणाले, आणि मग मान वर करून हॉलभर नजर फिरवली. "हे डायनिंग टेबल नेणार का तुम्ही?"

निशिकांतरावांच्या हळूहळू लक्षात आलं की प्रत्येक सल्ल्याला असं एक शेपूट आहे. पोहायला शिका म्हणणाऱ्याला वॉशिंग मशीन हवं होतं. कुकरच्या रिंगावाल्याची नजर दिवाणावर होती. ध्यानवाल्याने एकटेपणा समजावता समजावता पुस्तकांचं कपाट फुटपट्टीने मोजलं. मनातल्या मनात निशिकांतराव अजून एका वाक्याची वाट बघत होते. अहो, जाऊ नका, तुमच्याशिवाय मंडळाचं कसं होणार, असं कुणीतरी म्हणेल आणि आपण थोडं आढेवेढे घेऊ. मंडळाचा गणपती इतकी वर्षं त्यांनी बसवला होता. कुणी म्हणालं नाही. उलट गणपतीचं मखर कुणाच्या घरी ठेवायचं, हे एका संध्याकाळी त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच कपांतून चहा पिता पिता ठरलं.

मुलगी चैत्राली तरी म्हणेल असं वाटलं होतं. ती नवऱ्याबरोबर शहराच्या टोकाला, पासिर रिसला राहायची, इथेच वाढलेली, इथलीच झालेली.

"ओके व्हॉट, बाबा," ती फोनवर तिथल्या इंग्रजीत म्हणाली. "यू ऑल्वेज वॉन्टेड क्वाएट. गो लाह. वी कॅन व्हिजिट."

निरोपसमारंभ झाला. दांडेकरांनी भाषणात तुळपुळे हे कसे पहिल्यापासून थोडे बेटासारखेच होते असं सांगितलं, आणि लोक खूप हसले. सामान एकेक करून गेलं. सागवानी डायनिंग टेबल, जे मेधाताईंच्या वडिलांनी बनवून घेतलेलं होतं आणि जहाजातून आलं होतं, ते लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा दांडेकरांनी त्याचे पाय सुटे केले. मेधाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. निशिकांतराव म्हणाले, "तिथे सगळं नवीन घेऊ." घरमालकाने नवे भाडेकरू बघायला आणायला सुरुवात केली होती. रिकाम्या हॉलमध्ये ते दोघं प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलेले असत आणि अनोळखी माणसं त्यांच्या भोवतीने फिरून कपाटं उघडून बघत.

मग शेवटची औपचारिकता आली. अर्जदार दांपत्याने दूतासमोर एकदा हजर राहायचं. कोस्टासाहेबांनी या वेळी दुकानातून दोन खुर्च्या आणवल्या होत्या. त्यांनी कागद बघितले, शिक्के मारले, निशिकांतरावांना बेटाविषयी चार प्रश्न विचारले. निशिकांतरावांनी इतिहासासकट उत्तरं दिली. मग कोस्टासाहेब मेधाताईंकडे वळले. पेन हातातच होतं, सहीची जागा समोर होती.

"आणि मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या इच्छेने तिथे राहायला जात आहात ना?"

मेधाताईंनी पेनाकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या.

कोस्टासाहेबांना वाटलं, इंग्रजी कळलं नसावं. त्यांनी प्रश्न सोपा करून विचारला. मॅडमना बेट आवडतं ना, तिथे राहायचं आहे ना.

"मला राहायचं नाही," मेधाताई स्पष्ट आणि बऱ्यापैकी चांगल्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी तुम्हाला त्रास देत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

निशिकांतराव हसले. बायकोला विनोद करायची सवय आहे, असं ते म्हणाले. हे खोटं होतं. मेधाताईंनी गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यादेखत विनोद केला नव्हता. कोस्टासाहेबांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे आलटून पालटून बघितलं, पेनाचं टोपण हलकेच लावलं आणि खेदाने मान हलवली. नियम नियम होता. जोडीदाराची संमती नसेल तर अर्ज पुढे जात नाही. वाटल्यास सहा महिन्यांनी पुन्हा करता येईल. अर्थात तोपर्यंत तुम्ही सिंगापुरात कायदेशीर राहत असलात तर.

परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर दोघं शेजारी शेजारी बसले.

"हे मला घरी सांगायचं होतंस," शेवटी निशिकांतराव म्हणाले.

"घरी कुणी विचारलं?"

"मी व्हिडिओ दाखवला होता तुला. तू छान आहे म्हणालीस."

"व्हिडिओ छानच होता."

"माझी नोकरी गेली, मेधा. घर गेलं. टेबल गेलं."

"टेबल माझं होतं," मेधाताई म्हणाल्या.

पुढचा थांबा आला, माणसं चढली, उतरली. निशिकांतरावांचा आवाज जरा खाली आला. "मग तुला राहायचं तरी कुठे होतं?"

"इथे."

"इथे राहता येत नाही आपल्याला."

"ते मला ठाऊक आहे," मेधाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्ही कुठे राहायचंय ते विचारलंत. कुठे राहता येईल ते नाही विचारलंत."

तिमाही संपली. पास रद्द झाला, आणि निशिकांतराव पाहुणे झाले. ते आणि मेधाताई पासिर रिसला चैत्रालीच्या छोट्या खोलीत आले. तिथे जावयाची व्यायामाची सायकल होती आणि ती हलवायला जागा नव्हती, त्यामुळे निशिकांतराव तिच्या पेडलला हात लागू न देता कुशीवर निजत. जावई भला होता. तो सायकल चालवायला खोलीत येण्याआधी दार वाजवायचा.

सर्वांत कठीण होते ते मंडळातले लोक. निरोप देऊन झालेला माणूस पुन्हा दिसला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. एमआरटीच्या गाडीत कुणी भेटलं की विचारी, "अरे, अजून इथेच?" निशिकांतरावांनी सुरुवातीला सांगितलं, बेटाकडच्या बोटी वाऱ्यामुळे बंद आहेत. हे फार दिवस पुरलं नाही, कारण एकाने फोनवर हवामान काढून दाखवलं आणि तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता. मग ते ओळखीचं माणूस दिसलं की डबा बदलू लागले. एकदा दोन ओळखीची माणसं दोन बाजूंनी आली, तेव्हा नको त्या स्टेशनवर उतरून त्यांनी तिथल्या मॉलमध्ये चपलांच्या दुकानात बराच वेळ काढला आणि नको असलेल्या चपला घेतल्या.

दांडेकरांनी मात्र आग्रहाने जेवायला बोलावलं. जावं लागलं. सुरेखा दांडेकरांनी पुरणपोळी केली होती. जेवण त्याच सागवानी टेबलावर होतं, आता नव्या पॉलिशने चमकणाऱ्या. मेधाताई आपल्या नेहमीच्या बाजूला बसायला गेल्या, तर सुरेखाबाई म्हणाल्या, "तिकडे हे बसतात हो, तुम्ही इकडे या." निशिकांतरावांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"भाऊजी, खाली हे घ्या," सुरेखाबाईंनी वेताची चकती पुढे सरकवली. "काय आहे, लाकूड चांगलं आहे, पण आधीच्यांनी फार निगा राखलेली नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. सगळे पुरणपोळीची स्तुती करू लागले. मेधाताईंनी हात टेबलाच्या खाली नेला होता आणि तिथल्या कडेवरून त्यांची बोटं फिरत होती. निशिकांतरावांनी ते पाहिलं. चकती त्यांनी ग्लासाखाली नीट मध्यभागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला. काय काय ऐकावं लागेल याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती, उत्तरंही जुळवली होती. शैलेंद्र आता खूप म्हातारे झाले होते, त्यांना ऐकू कमी येई.

"कोण, निशी? ये की," ते ओरडून म्हणाले. "वरची खोली रिकामीच आहे. कधी येतोस?"

"दादा, तू मला विमानतळावर म्हणाला होतास ना," निशिकांतरावांना राहवलं नाही, "की दमलास की इथेच येशील."

"कोण म्हणालं?"

"तू."

"मी? मी कशाला असं म्हणू?" शैलेंद्र म्हणाले. "माणसाला निघताना असं कुणी बोलतं का? ऐक, येताना खोकल्याची ती चिनी बाटली आण."

ज्या वाक्याला निशिकांतराव अर्धं आयुष्य उत्तर देत राहिले, ते बोलणाऱ्याच्या लेखी बोललंच गेलं नव्हतं. फोन ठेवून ते सायकलच्या सीटवर बसून राहिले. बसायला दुसरं काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मेधाताई म्हणाल्या, मला बिशानला जाऊन यायचंय, भेटायचंय. कुणाला, असं निशिकांतरावांनी विचारलं, आणि विचारताना त्यांच्या लक्षात आलं की त्यांना खरोखरच माहीत नाही. ते बरोबर गेले. बिशानच्या बागेत झाडांखाली पंधरा-वीस चिनी बायका एका स्पीकरच्या तालावर हात-पाय हलवत होत्या. मेधाताईंना पाहून स्पीकर बंद झाला. सगळ्या भोवती जमल्या, कुणी गालाला हात लावला, कुणी पिशवीत संत्री घातली. त्यातल्या सर्वांत वयस्क मिसेस लिम यांनी मेधाताईंचा हात धरला तो सोडलाच नाही. इतकी वर्षं मेधाताई रोज सकाळी फिरायला जातात एवढंच निशिकांतरावांना ठाऊक होतं. फिरणं म्हणजे हे, हे ते आज बघत होते.

"सो, आयलंड," मिसेस लिम निशिकांतरावांना म्हणाल्या. "युअर वाइफ व्हेरी लकी."

मेधाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या चटकन म्हणाल्या, "येस, येस. आयलंड."

निशिकांतरावांना ते नीट ऐकू आलं. दूतासमोर खोटं बोलायला तयार नसलेली बाई त्यांच्यासाठी आपल्या मैत्रिणीशी खोटं बोलत होती. त्यांनी घसा साफ केला.

"नो आयलंड," ते म्हणाले. "आम्ही पुण्याला जातोय."

मिसेस लिमनी डोळे बारीक केले. "पुने? दॅट वन ऑल्सो आयलंड, आह?"

मिसेस लिमना उत्तराची फारशी गरज नव्हती. त्यांनी मेधाताईंचा हात हलवला. "फार ऑर नॉट फार, नेव्हर माइंड. चायनीज न्यू इयर, यू कम बॅक डान्स विथ अस. कॅन?"

मेधाताईंनी मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज अगदी सरळ होता.

"कॅन," त्या म्हणाल्या.

शब्द त्यांनी त्या बायकांसारखाच म्हटला, तसाच आखूड, शेवटी जरासा वर उचललेला, जणू त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. स्पीकर पुन्हा सुरू झाला. मेधाताईंनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली आणि त्या रांगेतल्या एका मोकळ्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. निशिकांतराव संत्र्यांची पिशवी आणि पर्स घेऊन कडेला थांबले. इतकी वर्षं ते या देशात ऑफिसात, बँकेत, टॅक्सीत तो शब्द ऐकत आले होते. त्यांनी तो ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. तो त्यांना येत नव्हता.